दुरुस्त केलेलं काळीज

बेडूक मी उर्दूत पाठ केला. तसे मुकुंदवाडीच्या आमच्या विहिरीत बेडूक होते, पाटात होते, ओसरीवरही यायचे. पण निजामाच्या राज्यात, औरंगाबादेत, इंटरमीजिएटला जीवशास्त्र शिकायचं म्हणजे तो बेडूक विसरून दुसरा एक डोक्यात घालावा लागे. हा दुसरा कागदावर उताणा पडलेला असायचा आणि त्याच्या प्रत्येक अवयवाला अरबी नाव होतं. दोन वर्षं मी त्याचं जठर, पित्ताशय, मूत्रपिंड खडाखडा म्हणत होतो. खरा बेडूक मात्र कॉलेजच्या हौदात ओरडत असायचा. त्याच्या आवाजाचा व्यत्यय येतो म्हणून प्रोफेसरसाहेब खिडकी लावून घ्यायला सांगत.

प्रोफेसरसाहेब हैदराबादचे, जुन्या दफ्तरी घराण्यातले. धर्मानं हिंदूच, पण मराठीचा गंध नव्हता. उर्दू अशी, की हजेरी घेतली तरी शेर म्हणताहेत असं वाटावं. शेरवानीची सगळी बटणं उन्हाळ्यातही लावलेली. हातात पिवळी पडलेली वही. ती ते सावकाश वाचायचे, आम्ही उतरवून घ्यायचो आणि याला शिकवणं म्हणत. प्रश्न विचारला की ते दुःखी होत. एखाद्या पाहुण्यानं जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणावं आणि यजमानानं बघावं, तसं बघत.

प्रयोगशाळेच्या कपाटात एक खुर्दबीन होती, म्हणजे सूक्ष्मदर्शक. तिला हिरव्या कापडाची गवसणी शिवलेली होती आणि किल्ली साहेबांच्या खिशात. दोन वर्षांत ती एकदाच बाहेर आली, तपासणीच्या दिवशी. आम्हाला रांगेत उभं केलं. प्रत्येकानं डोळा लावायचा, "देखा?" असं साहेब विचारणार, "जी, देखा" असं म्हणून पुढं सरकायचं. मी डोळा लावला. मला माझ्याच पापण्या दिसल्या.

"देखा?"

"जी, देखा."

अशा रीतीनं आमच्या सबंध वर्गानं कांद्याची पेशी पाहिल्याची नोंद सरकारदरबारी झाली. तपासनीसांनी समाधान व्यक्त केलं. खुर्दबीन गवसणीत गेली.

माझ्या पाठोपाठ रांगेत जो मुलगा होता तो मात्र सरकेना. त्यानं डोळा लावून ठेवला आणि म्हणाला, "जनाब, कुछ नहीं दिखता. आइना फिराना पडेगा शायद." साहेबांनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. हा माझा मित्र. त्याचा बाप शहागंजात बकऱ्याचं मटण विकायचा. म्हणजे कॉलेजच्या भाषेत हा कसायाचा पोरगा.

आम्ही दोघं शेवटच्या बाकावर बसायचो, आणि ते आमच्या आवडीनं नव्हे. मी मुकुंदवाडीहून चालत येई, माझे पाय धुळीनं भरलेले असत. त्याच्या शेरवानीला वास येतो असं पुढच्या बाकांचं म्हणणं. वास येत नव्हता, मी दोन वर्षं त्याच्या शेजारी बसलो आहे. पण वकील-मुन्सफांच्या मुलांना तो यायचा. तो मला 'पाटील' म्हणायचा. आम्ही पाटील नव्हतो, पण त्याच्या मते ज्याच्या घरी बैल तो पाटील. माझ्याशी तो आमच्यासारखीच मराठी बोले आणि चिडला की दखनीत शिरे.

त्याला जे ठाऊक होतं ते आमच्या कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण पहाटेपासून कॉलेजच्या वेळेपर्यंत तो बापाच्या हाताखाली बकरे सोलायचा. मूत्रपिंड कुठं चिकटलेलं असतं, पित्ताची पिशवी फुटली तर मटण कसं कडू होतं, फुप्फुस फुंकलं की किती फुगतं, हे त्याला हातानं माहीत होतं. साहेब वहीतून वाचायचे आणि तो माझ्या कानाशी कुजबुजायचा, "बराबर है," किंवा "ये चूक है, पाटील." साहेबांनी कधी त्याला विचारलं नाही. ज्यानं शंभर काळजं हातात धरली त्याला शेवटचा बाक, आणि ज्यानं एकही धरलं नाही त्याला खुर्ची, अशी ती व्यवस्था होती.

दुसऱ्या वर्षी हृदयाचा धडा आला. घरी आम्ही ज्याला काळीज म्हणायचो, बाजारात ज्याला दिल म्हणायचे, त्याला पुस्तकात कल्ब म्हणत. त्याला चार कप्पे, त्यातल्या खालच्या कप्प्याला बतीन म्हणत. पुस्तकात छान आकृती होती आणि तिच्यात शरीराला रक्त ढकलणारा खालचा जाड कप्पा 'डावा' म्हणून दाखवला होता. आता, आकृतीतला माणूस आपल्याकडं तोंड करून असतो. त्यामुळं त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. समोरासमोर उभ्या दोन माणसांना कळेल एवढीच ही गोष्ट. साहेबांनी पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं, भुवया वर केल्या.

"मुलाहिजा फरमाइए," ते म्हणाले. "तस्वीर में मोटा हिस्सा दाएं हाथ पर है और लिखा है बायां. यह कातिब की गलती है." मग त्यांनी कारणही दिलं. आपली पुस्तकं हातानं लिहून दगडावरून छापतात. दगडावर अक्षर उलटं उमटतं. त्या उलटसुलटीत कातिब, म्हणजे लिहिणारा, चकला आणि डावं-उजवं फिरलं. "दुरुस्त कर लीजिए."

आम्ही दौती उघडल्या. तीसेक मुलांनी 'डावा' खोडून 'उजवा' लिहिलं आणि 'उजवा' खोडून 'डावा'. साहेब बाकांमधून फिरत दुरुस्ती नीट झाली का पाहत होते. बरोबर छापलेलं पुस्तक ओळीनं चुकीचं करत जाणारा असा वर्ग मी नंतर कुठं पाहिला नाही. मीही खोडलं. सुबक खोडलं, अक्षर चांगलं होतं माझं.

मित्रानं टाक उचललाच नाही. साहेब त्याच्यापाशी थांबले तसा तो उभा राहिला.

"जनाब, किताब सही है. मोटा हिस्सा बायां ही होता है."

"तुम्हें किसने बताया?"

"किसने बताया क्या, जनाब. रोज देखता हूं."

पुढचे बाक हसले. साहेब हसले नाहीत, ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "मियां, बकरा चौपाया है और इन्सान दोपाया. इन्सान सीधा खडा हो गया, तो दिल भी घूम गया." आणि वही उघडून पुढचं वाचू लागले.

माणूस उभा राहिला आणि त्याचं काळीज फिरलं! तीसजणांनी हे वाक्यही लिहून घेतलं. माझ्या वहीत ते आजही असेल.

दुसऱ्या दिवशी मित्र आला तो पळसाच्या पानात काहीतरी बांधून. तास सुरू व्हायच्या आधी पुढं गेला आणि टेबलावर ते पान उघडलं. आत बकऱ्याचं काळीज होतं, धुतलेलं, स्वच्छ, तांबूस तपकिरी. त्याच्या एका बाजूला लाल दोरा ओवलेला होता.

"जनाब, सुबह बकरे की छाती खोली तब दिल अंदर ही था. निकालने से पहले मैंने बाएं तरफ दोरा बांधा, कि बाद में कोई बोले नको उलटा पकडा बोलके. अब काटके देख लीजिए, कौनसी बाजू मोटी है."

आज मागं वळून पाहतो तर त्या कॉलेजात दोन वर्षांत झालेला विज्ञानाचा प्रयोग तेवढाच. शंका घेतली, ती शंका कशी फिटेल याचा आधी विचार केला, खूण बांधली, पुरावा आणला. एवढं साहेबांच्या सबंध वहीत नव्हतं.

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. घरी त्यांच्याकडं कोर्मा शिजायचा, त्याची चव ते आम्हाला वर्णन करून सांगत. पण कोर्मा वेगळा आणि काळीज वेगळं. "यह जमाअत है, कमेला नहीं," ते रुमालातून म्हणाले. जमाअत म्हणजे वर्ग, कमेला म्हणजे कत्तलखाना. "उठाओ इसे और बाहर जाओ."

त्यानं पान गुंडाळलं आणि गेला. तास संपल्यावर आम्ही चार-पाचजण हौदापाशी गेलो, तर तो काठावर बसला होता. त्यानं खिशातली सुरी काढून काळीज आडवं कापलं आणि माझ्यासमोर धरलं.

"बोट घाल, पाटील. चावत नाय ते."

मी माळकऱ्याच्या घरातला. मटणाच्या दुकानावरून जाताना आई माझं तोंड दुसरीकडं फिरवायची. पण त्याच्या डोळ्यांत असं काही होतं की मी बोट घातलं. एका बाजूची भिंत पातळ, ओल्या चामड्यासारखी. दुसरीकडची बोटभर जाड, घट्ट, बोटाला दाबून धरणारी. दोरा त्या जाड बाजूला होता.

"आता सांग, डावी का उजवी?"

"डावी."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि हात धुवायला हौदात वाकला. वकिलाच्या मुलानं बोट घातलं नाही, पण लांबून बघून मान हलवली. त्या दिवशी आम्हा चार-पाचजणांना खरं काय ते कळलं होतं. त्याचा उपयोग कुणी काय केला तेवढं आता सांगायचं राहिलं.

वार्षिक परीक्षेच्या प्रात्यक्षिकाला हैदराबादहून परीक्षक आले. ते वनस्पतींचे जाणकार होते, असं नंतर कळलं. पण जीव तो जीव, सरकारनं त्यांना बेडकावर पाठवलं. त्यांना दुपारी वेरूळची लेणी बघायला जायचं होतं. मोटार बाहेर उभी होती आणि दर पाच मिनिटांनी ते दाराकडं बघत होते. भिंतीवर हृदयाचा तक्ता लावला होता, त्यावर साहेबांनी स्वतःच्या हातानं दुरुस्ती केलेली. साहेब परीक्षकांच्या शेजारी बसले होते.

मित्राचा नंबर माझ्या आधीचा. मी दाराशीच उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"मोटी दीवार किस तरफ की?"

"बाएं तरफ की, साहब."

साहेब खाकरले. "हुजूर, इस लडके की अपनी एक खास राय है."

"साहब, राय नहीं. तक्ता गलत है. पहले किताब में सही लिखा था, इन लोगां बदल दिए."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. त्यांना निकाल द्यायचा नव्हता, लेणी पाहायची होती. "ऐसे मसलों में दो राय हो सकती हैं," ते म्हणाले, "मगर इम्तिहान में आदमी को अपने उस्ताद की राय बतानी चाहिए. तशरीफ ले जाइए."

काळजाच्या जाडीबद्दल दोन मतं! हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण पुढचं नाव माझं होतं.

मी आत गेलो. माझ्या घरी मला डॉक्टर करायचं ठरलेलं. बाप मुकुंदवाडीत सगळ्यांना सांगून बसलेला. समोर तक्ता, शेजारी साहेब.

"मोटी दीवार?"

"दाईं तरफ की, हुजूर."

"शाबाश," साहेब म्हणाले. परीक्षकांनी खूण केली. मला बाहेर पडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मित्र दारातच होता. त्यानं ऐकलं होतं. शिवी देईल असं वाटलं, पण तो एवढंच म्हणाला, "तुझं बोट झूट बोललं का रे?" मी म्हणालो, "तू पण बोलायचं होतं. एक शब्द तर होता." तो म्हणाला, "मला याद राहत नाय बाबा, खोटं." आणि निघून गेला.

निकाल लागला. लेखी पेपर कुठंतरी हैदराबादेत तपासले गेले, त्यात तो चांगला पास झाला. प्रात्यक्षिकात नापास. ज्याचे हात सबंध कॉलेजात सगळ्यांत चांगले, तो हातांच्या परीक्षेत नापास, आणि जे बेडकाला काडीनंसुद्धा शिवले नाहीत ते पास. पुढच्या वर्षी तो पुन्हा बसला. पुन्हा साहेब, पुन्हा तोच तक्ता. त्यानं पुन्हा 'डावी' म्हटलं. मग त्याचा बाप म्हणाला, बहुत हुआ.

मी हैदराबादला वैद्यकीच्या वर्गात गेलो. तिथं पहिल्याच वर्षी मेलेल्या माणसाची छाती उघडून आम्हाला हृदय दाखवलं. दाखवणारे एक तरुण डॉक्टर होते, बाह्या वर केलेले, हातांना कोपरापर्यंत औषधाचा वास. त्यांनी काळीज हातात घेतलं आणि सहज विचारलं, "सबसे मोटी दीवार किस की?"

मला माहीत होतं. हौदाच्या काठावर माझ्या बोटानं ते जाणलं होतं. तरी विचार करायच्या आधी तोंडातून निघालं, "दाएं बतीन की, जनाब." खणखणीत आवाजात, पाठ केलेल्या मुलाच्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "कहां से तशरीफ लाए हो?"

"औरंगाबाद."

"अच्छा. वहां दिल उलटे होते हैं?"

वर्ग हसला. मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यांनी जवळ बोलावून माझं बोट त्या भिंतीवर ठेवलं. तीच जाडी, तोच घट्टपणा. मी आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा केला. हे मला एका मित्रानं वर्षापूर्वी दाखवलं होतं, असं म्हणायला काय हरकत होती? पण तसं म्हटलं असतं तर, मग आत्ता चुकीचं का सांगितलंस, हाही प्रश्न आला असता. त्यापेक्षा अडाणी ठरणं सोपं होतं. पुढं पाच वर्षं मला तिथं 'उलटे दिलवाला' म्हणत.

त्या सुट्टीत गावी आलो ते रागानं पेटूनच. प्रोफेसरसाहेबांना तोंडावर सांगायचं असं ठरवून त्यांच्या घरी गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो, उर्दूत, चांगली धारदार. ते ओसरीवर दोन पाहुण्यांबरोबर बसले होते. मला पाहताच उठले, पाहुण्यांना म्हणाले, "ये मेरे शागिर्द हैं. डॉक्टरी में हैं, माशाअल्लाह. इन्हें दिल का सबक मैंने ही पढाया." सरबत आलं. मी प्यालो. सरबत खसाचं होतं, चांगलं थंड. निघताना वाकून आदाब केला. बाहेर रस्त्यावर आल्यावर मी जुळवलेली वाक्यं स्वतःलाच ऐकवली. साहेबांचा मला जेवढा तिटकारा होता, त्याहून जास्त त्या क्षणी स्वतःचा आला. ते निदान जे बोलत त्यावर त्यांचा विश्वास होता.

मग मित्राला शोधत गेलो. दुकानात बाप एकटाच होता. म्हणाला, "वो सालोत्री के पास है." जनावरांच्या डॉक्टरला तेव्हा सालोत्री म्हणत. सरकारी दवाखान्यातल्या म्हाताऱ्या सालोत्रीनं त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं होतं. तिथं गेलो, तर तो एका बैलाच्या खुरातला खिळा काढत बसला होता. मला पाहून उठला, हात पुसले, मिठी मारली.

मी सगळं सांगितलं. छाती उघडलेला माणूस, माझं उत्तर, वर्गाचं हसणं. मला वाटलं तो खूश होईल. तो हसला नाही.

"तुला कोणी दाखवलं होतं, ते सांगितलं का त्यांना?"

"नाय."

"आणि प्रोफेसरसाहेबाला?"

"नाय. सरबत पिऊन आलो."

त्यानं खुरातून काढलेला खिळा बाजूला टाकला. मग म्हणाला, "पाटील, तू डाक्टर तर होशील. लई मोठा होशील." हे कौतुक नव्हतं, हे मला समजलं आणि मला समजलं हे त्यालाही समजलं.

एवढ्यात चितेगावचा एक शेतकरी बैलगाडी हाकत आला. त्याची म्हैस गाडीत आडवी पडलेली, सकाळपासून अडलेली. सालोत्री दौऱ्यावर होता. मित्रानं शेरवानी, म्हणजे आता नुसता जुना सदरा, काढून खुंटीला लावला, हाताला तेल चोपडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. डोळे मिटलेले. तो बोटांनी बघत होता. "डोकं मागं वळलंय," तो म्हणाला. "पाटील, दोरी धर. मी म्हणेन तव्हा ओढ, आधी नाय."

मी दोरी धरली. पुस्तकात म्हशीचं काही नव्हतं. शेतकरी माझ्या स्वच्छ कपड्यांकडं बघून मित्राला म्हणाला, "हे कोण म्हणायचे?"

"हे डाक्टर व्हायलेत. माणसांचे."

"असं व्हय," शेतकरी म्हणाला आणि माझ्या हातातून दोरी काढून घेतली. "मग जरा बाजूला उभं राहा, साहेब. म्हैस दमलीय."

मी बाजूला उभा राहिलो. अर्ध्या तासानं रेडकू बाहेर आलं, ओलं, काळं, लटपटतं. मित्रानं त्याच्या नाकपुड्यांतला चिकटा बोटानं काढला, तोंडात फुंकर घातली, आणि ते शिंकलं.